कोरडी फेक

लाउथच्या बाहेर, मेंढ्या हाकलून
मोकळं केलेलं रान.
समुद्र पाच कोसांवर.
आमिष नाही. मुळात गळच नाही,
तंगुसाच्या टोकाला दीडशे ग्रॅम शिसं.

एल्स्पेथ क्रॅग्ज, वय अठ्ठावन्न, बूट काढते,
ओल्या गवतात टाचा रोवते,
मागं वळते, घरी काही विसरल्यासारखी,
आणि अख्खीच्या अख्खी उलगडते.

सूंऽऽ

मी फीत धरून पार तिकडे,
आभाळात शिसं शोधत. दिसत नाही.
मग धप्प.
चिखलात अंगठ्याएवढं भोक.

एकशे बासष्ट मीटर, वर वीतभर.
गेल्या साली चार जास्त होते,
ते दोघंही बोलत नाही.

रीळ गुंडाळत ती चालत येते,
वाकून भोकात बोट घालते,
दरवर्षीसारखं विचारते,
"लागलं का रे काही?"

मी फितीवरचा चिखल पुसतो.