तेलाचे डाग

दुसऱ्या मजल्यावर, नवजात अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर,
एक लाकडी बाक आहे. बाकामागे भिंत.
भिंतीवर, टेकलेल्या डोक्यांच्या उंचीला,
खोबरेल तेलाचे डाग.
दर दिवाळीआधी रंगारी येतो.
संक्रांतीपर्यंत डाग परत उमटतात.

सत्तावीस वर्षं मी याच दारात उभी राहिले.
दार अर्धं उघडायचं, चेहरा तेवढा बाहेर काढायचा :
लांजेवारची आई कोण? दूध आणलं का?
वाटीत जेमतेम आठ मिली, त्यावर झाकण म्हणून तिचा तळहात.
तळमजल्यावरच्या वॉर्डातून
टाके धरत चढलेली असायची.
वाटी आत घ्यायची. म्हणायचं,
बरं आहे बाळ. जा तू आता, पड.

ती जायची नाही. बाकावर टेकायची.
इन्फेक्शन, म्हणायचो आम्ही,
जणू आई म्हणजे
बाहेरून चपलेला लागून आलेलं काहीतरी.

या मे महिन्यात आत चार खुर्च्या आल्या.
भांडण झालंच. मशीनला जागा निघते, खुर्चीला निघत नाही.
मोठ्या डॉक्टरीणबाई काही बोलल्या नाहीत.
गॉजची पट्टी फरशीवर ताणली, भिंतीपासून वॉर्मरपर्यंत,
आणि तिथेच स्वतः बसल्या, पाय पसरून, साडीसकट.
मावते, म्हणाल्या.

फुलवंता उईके. देवलापारच्या पलीकडची.
मुलगी. अकराशे चाळीस ग्रॅम.
बाहेर शेहेचाळीस. मेडिकल चौकात डांबर चपलेला चिकटतंय,
कूलरच्या वाळ्याला वाससुद्धा उरलेला नाही,
आणि एवढ्या नागपूरभर उन्हात
एका जिवाला ऊब कमी पडतेय.

मी समजावलं : कांगारू पद्धत.
छातीला छाती, मध्ये कापड नको.
काय म्हन्ता बाई? कोन व्हय थे?
भिंतीवरचं चित्र दाखवलं.
चित्राकडे बघत राहिली बराच वेळ.
असं जनावर तं आमी पाह्यलं नाई.
वांदरीन नाई का धरत पोटाशी, घाटात, गाडी आली का?
हो, म्हटलं. तसंच.
मंग तसं सांगा ना.

नळी सांभाळत, तळपायाचा लाल दिवा सांभाळत,
मुलीला तिच्या अंगावर ठेवलं, वरून लुगड्याचा वेढा दिला.
श्वास घे, म्हणाले मी.
मुलीला नाही, तिला.
आकडा चढला असं खोटं नाही सांगत. आधी उतरला.
उचलताना उतरतोच.
मग मी सहा नंबरचं सलाईन बदललं, नोंदी केल्या,
आणि कधीतरी लक्षात आलं,
अलार्म वाजून बराच वेळ झालाय.
फुलवंता झोपली होती, तोंड उघडं टाकून.
मुलीची मूठ तिच्या काळ्या मण्यांत.
सोडवायला गेले, मग राहू दिलं.

सगळ्याच नाही जात घरी भरल्या ओटीने.
कोपऱ्यातल्या खुर्चीवरची परवा एकटी गेली.
पण तिचं बाळ थांबलं तेव्हा
काचेत नव्हतं. तिच्या अंगावर होतं.
थंड कधी झालं ते तिला कळलं, आम्हाला नंतर.
निघताना तिने खुर्ची पुसली,
पदराने, हातांसकट, जशी कुणाची तरी उसनी आणलेली.

रात्री अडीचला चहा घेऊन मी बाहेर आले,
आणि पहिल्यांदाच बाकावर बसले.
लाकूड अजून दिवसाचं तापलेलं.
डोकं मागे आपसूक गेलं, बरोब्बर डागावर.
मला वाटायचं, इथून आतलं काहीच दिसत नसेल.
तेवढ्यात नवी सिस्टर काही विचारायला आली,
तिने दार उघडलं, अर्धं.
दिसतं इथून.
सिस्टर दिसते. तेवढीच.