प्रश्न नववा

धात्रक मॅडमनी चाळीस फॉर्म दिले,
म्हणाल्या, पोरांना कळेल अशा मराठीत कर.
म्हसरूळच्या हॉस्टेलवर, मेस आवरल्यावर,
मी शब्दकोश उघडला:
औदासीन्य. निरुत्साह. रुचिनाश.
असं कोण बोलतं?
मेसच्या मावशी तर ताट भरलेलं परत आलं की
‘करमंना का गं?’ एवढंच विचारतात.

औदासीन्य खोडलं. लिहिलं, ‘करमत नाही’.
आणि आठवीचं व्याकरण आठवलं,
भावकर्तृक क्रियापद.
उजाडतं, मळमळतं, करमतं.
त्याला कर्ता नसतो.
म्हणजे ज्याला करमत नाही
त्यानं काही केलेलं नसतं.
भाषेला हे ठाऊक होतं कधीचं,
आम्ही मात्र म्हणत राहिलो,
नाटकं करू नको, ऊठ.

सटाण्याच्या मयुरेश पगारनं
नऊच्या नऊ प्रश्नांना ‘अजिबात नाही’ केलं
पेनाचं टोपण हातातच धरून.
पाच मिनिटांनी जिन्यावर गाठलं मला,
‘ते झोपेचं तेवढं बदलता येईल का?’
एकानं विचारलं,
डिप्रेशन म्हणजे कमी दाबाचा पट्टा ना?
सगळे हसले, मीही.
एक म्हणाला, ही श्रीमंतांची थेरं.
त्याची दहाही नखं
मुळापर्यंत खाल्लेली.

नववा प्रश्न मी तीनदा लिहिला.
‘नको ते विचार येतात का?’
मॅडमनी लाल रेघ मारली,
‘नको ते म्हणजे? टपरीवरची सिगरेट?
सरळ लिही, मरून जावं असं वाटतं का.
विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते पेरलं जात नाही.
असलंच आत, तर बाहेर यायला वाट होते.’

एकोणचाळीस भरून झाले.
त्या आठवड्यात निफाडचा पारा रोज पेपरात यायचा,
दशांशासकट.
दोनशे सहा हाडं मला पाठ,
आणि दीड हातावरच्या खाटेवर
सेवंती गावित, सुरगाण्याची,
दिवाळीपासून एकच स्वेटर घालून.
आम्ही तिला कुंभकर्ण म्हणायचो.

मी एक ते आठ वाचले.
नववाही वाचला, आवाज जरा फाटला.
ती भिंतीकडं बघत राहिली.
खाली कुणीतरी बादली सरकवली.
मग म्हणाली,
‘इथं मागचे पंधराच दिवस विचारलेत.
त्याच्या आधीचे कुठं लिहू?’

फॉर्मवर जागा नव्हती.
मी पेन ठेवला.
तिच्या खाटेवर जाऊन बसले, पाय वर घेऊन,
तिनं रजईचं एक टोक दिलं.
दहावीपासूनचं निघालं मग.
मला उत्तर येत नव्हतं, एकाचंही,
एवढंच म्हटलं, उद्या माझ्याबरोबर चल.

सकाळी सिव्हिलला लाईन होती.
केसपेपरच्या खिडकीतल्या माणसानं विचारलं,
‘काय होतंय?’
माझ्या तोंडावर ताप आला होता, डोकेदुखी आली होती.
ती पुढं झाली, म्हणाली,
‘करमत नाही.’
त्यानं मान वर केली नाही,
हसला नाही,
शिक्का मारला:
‘डावीकडं, शेवटची खोली. पुढचा.’