आधी आडवं व्हायचं

ऑफिसने दिली चुन्याची अर्धी पिशवी,
एक टेप आणि एक कागद :
‘तंबूंसाठी उत्तम जागा. सहा. शनिवारपर्यंत.’
हरसूलच्या पुढे डांबर संपलं
तिथे दगडावर बसून बुटातलं कुसळ काढत होती
तुळसा भोये, वनरक्षक.

पहिली जागा मीच दाखवली.
पांढरी वाळू, सपाट, दोन्ही अंगांना उंबर,
फोटो असा की लोकांनी आगाऊ पैसे भरावेत.
तुळसा बोलली नाही, वर बोट केलं.
माझ्या डोक्याच्याही हातभर वर, फांदीत,
वाळल्या गवताचं वेटोळं आणि कुणाची तरी एक चप्पल.
‘पाणी इथवर येऊन गेलंय, श्रावणात.
ओहोळ आता नाही म्हणून काय
त्याच्या अंथरुणात आपण झोपायचं?’

दुसरी कड्याच्या पोटाशी. वारा नाही, पाठीला खडक.
वर काळे ओघळ दिसले, मला वाटलं पाण्याचे.
ओघळ हलत होते.
सात आग्या मोहोळं.
आम्ही पिशवीसुद्धा न वाजवता मागे फिरलो.
मी अत्तर लावून आलो होतो.
तिने माझ्याकडे फक्त एकदा बघितलं.

तिसरी पाण्यापासून दहा पावलांवर.
मी ‘सोयीची’ असं लिहूनही टाकलं होतं.
चिखलात भेकराचे खूर, त्यांच्यावर सायाळीची पावलं
आणि त्यांच्यावर एक रुंद ठसा, नखं न उमटलेला.
‘इथल्या रांगेत आपला नंबर शेवटचा,’
असं म्हणून ती शंभर पावलं मागे चालत गेली, मोजत.

चौथी, पाचवी लिहीत नाही.
एकीवर वठलेला सादडा वाकून उभा होता,
दुसरीवर मुंगळ्यांचा हमरस्ता.

दुपारी नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी.
विचारलं, तुम्ही कशी निवडता?
‘आमचा बा ढोरं राखायचा.
अंधार पडला की बैलाला मोकळा सोडायचा.
बैल खळग्यात बसत नाही, तिथं गारठा साठतो.
माथ्यावर बसत नाही, तिथं वारा खातो.
मध्येच कुठंतरी उभा राहतो,
हुंगतो, दोनदा फिरतो, आणि बसतो.
बा त्याच्या पाठीला पाठ लावायचा.’

उतरत्या उन्हात अर्ध्या उतारावर एक टप्पा आला.
पूर्वेला उघडा, मागे हिरड्याची दाटी.
टेप काढायला लागलो तर म्हणाली, ‘आडवे व्हा.’
शर्ट पांढरा होता.
झालो.
‘डोक्यात रक्त उतरतंय?’
उतरत होतं. डोकं डोंगराकडे केलं.
‘आता?’
पाठीखाली अंगठ्याएवढं काही टोचलं.
तिने बोटांनी तो दगड उचलला, बाजूला ठेवला.
‘उद्या जाताना होता तसा ठेवा.
त्याच्याखाली राहतं कुणीतरी.’

रात्री जागा झालो तेव्हा
खालचं खोरं धुक्याने काठोकाठ भरलं होतं,
माझ्या पहिल्या तीनही उत्तम जागा त्यात बुडालेल्या.
आमच्या पायांपाशी येऊन
धुकं थांबलं होतं.
तुळसा घोरत होती, बेफिकीर, दगडासारखी.

शनिवारी अहवाल दिला. जागा : एक.
साहेब म्हणाले, सहा मागितल्या होत्या.
आणि चुना?
चुना तसाच परत आणला, म्हणालो,
तिथे कुणाला लावावासा वाटला नाही.
ते हसले नाहीत.

इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये, रात्री,
पलंग भिंतीला सरकवून
मी फरशीवर नुसताच आडवा झालो.
बायको दारात उभी, हातात दुधाचं पातेलं.
‘काय झालं?’
थांब, म्हटलं.
मोरीकडे जरासा उतार आहे.
अठरा वर्षं आपण
उताराला डोकं करून झोपतोय.
ती पातेलं ठेवून आली,
माझ्या शेजारी टेकली,
आणि बराच वेळ
काहीच म्हणाली नाही,
फक्त एकदा कूस बदलली.