घट

नऊ हजार.
पत्रात त्याला मानधन म्हटलंय.
सहा महिने, रोज बारा तास, रविवारी दोन प्रयोग,
आणि "शिकायला भरपूर मिळेल" हे वाक्य
दोनदा, वेगवेगळ्या परिच्छेदांत.

क्यूशीटच्या पाठीमागं हिशेब मांडला:
दादरला एका खोलीत सहा कॉट, त्यातली एक साडेसात हजार,
डिपॉझिट वेगळं, कपाटाला कुलूप आपलं आपण.
उरले दीड. पोटाला किती, फोनला किती,
आणि आजारी पडायचं नाही, हे शाईनं लिहावं लागलं.

इथं तरी काय चाललंय?
कसबा बावड्यात शाळेचं गॅदरिंग, रात्रीचे सहाशे.
कार्यालयात नवरीवर गुलाबी मारायचा, आठशे, वर जेवण.
नाटक म्हणाल तर दोन वर्षांत तीन.
खासबागेशेजारचं नाट्यगृह जळालं त्या रात्री
इलाहीचाचा रस्त्यापलीकडं उभे होते,
चाळीस वर्षं त्या रंगमंचावर संध्याकाळी केलेला माणूस,
म्हणाले, एवढा उजेड मी कधी दिला नव्हता.
मग दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

फेडर कसा धरायचा त्यांनीच शिकवलं:
"बटण दाबल्यागत नको. चुलीवरनं दुधाचं भांडं उतरवल्यागत.
उजेड कधी गेला ते बघणाऱ्याला कळलं,
तर तू चुकलीस."

आमच्याकडं पोरीपण येतो-जातो म्हणतात.
फोनवरच्या मुलाखतीत मी म्हणालो, "एक तारखेला येतो,"
तिकडची बाई जरा थांबली.
हसली नाही, हे तिचं चांगलं.
पण थांबली, ते मला ऐकू आलं.

आई हुपरीचा माल घरी आणते, पैंजणांना घुंगरं जोडायला.
आणताना वजन, देताना वजन,
मधल्या फरकाला घट म्हणतात,
ठरल्यापेक्षा जास्त गेली की मजुरीतनं कापतात.
माझा कागद तिनं बल्बखाली धरून वाचला.
"सगळं लिहिलंस. घट किती धरलीस?"
कसली, म्हटलं.
"जेवढी जाणार तेवढीच परत येणार हाईस व्हय?"
आणि चिमट्यात पुढचं घुंगरू धरलं.

चाचांना विचारलं गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर.
ग्लास संपेपर्यंत गप्प.
मग मिशीवरचा फेस पुसत, "मला एक्क्याण्णव साली बोलवलं हुतं.
गेलो न्हाई."
बरं केलं म्हणतील का वाईट, मी वाट बघितली.
मागं म्हैस शेपूट हलवत होती.
पैसे त्यांनीच दिले.

उद्या बारापर्यंत कळवायचंय.
आत्ता सातवी ब कोळी झालीय,
पुठ्ठ्याची होडी, चार बायांच्या साड्यांचा समुद्र,
दोन पार, त्यातला एक लुकलुकतोय.
उत्तर लिहून ठेवलंय फोनमध्ये.
राहायची सोय होईल का, विचारलंय, दोन ओळींत, न लाजता.
शेवटी "येते" लिहिलं होतं,
खोडून "येतो" केलं.
पाठवलं नाही अजून.

साड्या हलतायत. निळा सत्तरवर.
बाईंनी विंगेतनं हात वर केला, गाणं संपत आलं,
आता हळू.