बिल्ले

आठ वाजून चार मिनिटांनी सगळं ठीक होतं.
सर्व्हर थंड, मेमरी अर्धी रिकामी,
पंख्याचा आपला एकसुरी घूं.
ढवळे सर म्हणाले, मशीनला काही झालेलं नाही,
गावाकडचं नेटच तसलं.

आणि पिंगळीहून फोन:
ताई, नुसतं गोल फिरायलंय.
हौ म्हणंना, नाही म्हणंना.
तुरीचं बियाणं संपलं असंल तर तसं सांगा की,
म्हंजी मी मोंढ्यात तरी जातो.

लॉग उघडला. एकच ओळ, पार खालपर्यंत:
टेबल भरलं, पॅकेट टाकलं.
टेबल भरलं, पॅकेट टाकलं.

पासष्ट हजार पाचशे छत्तीस.
एवढ्याच जोडण्या फायरवॉलच्या ध्यानात राहतात.
त्यापुढचा दारात आला
तर त्याला कुणी हाकलत नाही.
तो आलाच नव्हता, असं होतं.

परभणीच्या उरुसात गफूरमामू चपला सांभाळायचा.
फळीवर खिळे, खिळ्यांना पितळी बिल्ले, तीनशे.
गर्दीकडं त्याचं लक्षच नसायचं.
पाळणे, खव्याचा वास, भोंग्यावर हरवलेल्या पोरांची नावं,
मामू आपला फळीकडं तोंड करून बसलेला.
साठ बिल्ले उरले की पोराला हाळी:
मुनीर, कलके जोडे बाजू में रख, जगा होना.

आमच्या टेबलात पाच दिवस.
न सांगता उठून गेलेला पाच दिवस बिल्ला अडवून बसतो.
मंगळवारी मानवतला कुणाच्या तरी फोनची बॅटरी गेली,
शनिवारी सकाळी तो अजून आमच्या दारात उभा,
कागदोपत्री.

मार्चमध्ये मी लिहून दिलं होतं,
हा आकडा कुणीतरी बघत राहायला पाहिजे.
सरांनी शेजारी लिहिलं, पाहिले. खाली सही, तारीख.

मर्यादा चौपट केली.
पाच दिवसांचा एक तास केला.
बोटं थरथरत होती, एक शून्य जास्तीचं पडलं, खोडलं.
आठ एकोणीसला पिंगळीचा परत फोन:
आलं बगा ताई, दोन पिशव्या.
माझंच काही चुकलं होतं का?

आता एक लहानशी स्क्रिप्ट दर मिनिटाला मोजते.
ऐंशी टक्के भरलं की उशाखालचा फोन गुरगुरतो,
नवरा कूस बदलून म्हणतो, तुझी फळी.
बहुतेक रात्री अकराशे, बाराशे.
मी तरी उठून बघते.

त्या पंधरा मिनिटांत किती जण माघारी गेले
ते मात्र काढता येत नाही.
टाकलेल्या पॅकेटांचा आकडा आहे,
पण एकच माणूस किती वेळा दार वाजवतो
हे त्यात नसतं.

मामूला विचारायचं राहिलं,
बिल्ला नाही म्हणून
पायात चपला तशाच ठेवून पायरीवरून फिरले
ते तो कुठल्या खिळ्यावर मोजायचा.