नख अडकलं तिथं

उद्यमनगरात, मागच्या गल्लीत, लेथच्या आवाजापलीकडं
ट्रॉलीचा दांडा उलटा ठेवलाय लाकडी ठोकळ्यांवर,
नाल ठोकायला बैल आडवा पाडावा तसा.
मी गुडघ्यावर. बॅटरी जमिनीला टेकवून, तिरपी.
वरून उजेड टाकला तर सगळंच वेल्डिंग चांगलं दिसतं.

हे मला इसाकमामा शिकलगारांनी शिकवलं,
आयटीआयनं नाही.

पहिला जोड: टाचणीनं टोचल्यासारखी बारीक भोकं.
रॉड ओला. सप्टेंबरात इथं मीठसुद्धा पाझरतं,
पाकीट रात्रभर उघडं राहिलं की संपलं.
भाकरी आणि रॉड, मामा म्हणतात,
भाजल्याशिवाय वाढू नयेत कुणाला.
हा जोड विन्याचा. त्याला ओव्हनचा कंटाळा.
त्याच्या शेजारी मणी प्लेटवर नुसता बसलाय,
चप्पल न काढता आलेल्या पाहुण्यासारखा.
करंट कमी. खालचं लोखंड वितळलंच नाही.
हाही विन्याचाच.
आणि पुढच्याच्या टोकाला चांदणीएवढी भेग:
शेवटचा खड्डा न भरता रॉड झटकन उचलला.
जेवणाच्या भोंग्याला उठलेलं माणूस दिसतं त्यात.

खडूनं गोल करत जाते मी.
फॉर्मात आधी दोष, मग कारण.
कारणाचा रकाना दीड इंचाचा आहे.

मग हुकाजवळचे जोड.
सुभाषनगरात चपलेवर वेणी घालतात
तशी एकसारखी, घट्ट, न थकलेली वीण.
मामांचा हात. खाली सही लागत नाही.

आणि डाव्या कडेला,
मण्याला अगदी लागून,
उजेड घसरत येतो आणि
पडतो.

नाली. बारीक, पण नख उभं राहील इतकी खोल.
करंट जास्त असता तर दोन्ही कडा खाल्ल्या असत्या.
चारही जोडांवर फक्त डावीच.
म्हणजे रॉड कललेला. म्हणजे मनगट.
मनगट का, हे बघायला बॅटरी लागली नाही.
परवा चहाला मामा बशी चाचपत होते,
बशी डावीकडंच होती.
दोन महिने झाले, मान वाकडी करून जोडतात,
उजवा डोळा पुढं काढून,
आणि मानेमागं मनगट जातं.

या हुकाला दोन ट्रॉल्या लागतील, वीस टन ऊस,
वाघबिळाचा उतार,
आणि मागं मोटरसायकलवर कुणीतरी, घाईत.

खडू हातात तसाच.
मामा हातमोजे काढत आले. काय म्हणून विचारलं नाही.
वाकले, अंगठ्याचं नख मण्यावरून कडेकडं ओढलं.
अडकलं.
परत ओढलं. अडकलं.
"किती जागी?"
चार.
"पाच हायत. वरच्या पट्टीखाली बघितली न्हाईस तू."
बघितली नव्हती.
मी आडवी होऊन बॅटरी आत घातली. होती.

"लिही की आता."
काय लिहू?
"अंडरकट. रॉडचा कोन चुकला."
थोडं थांबले. "खोटं न्हाई त्यात काय."
नव्हतंच खोटं. दीड इंचात नीट मावलं.

ग्राइंडर विन्यानं धरला.
एरवी बडबडणारं पोर गप्प होतं,
मामांची वेणी घासताना हात हलका ठेवून.
मामा लांब उभे, ठिणग्यांकडं तोंड करून,
आज मान मुद्दाम सरळ.

आवाज थांबल्यावर म्हणाले,
"सीपीआरला डोळ्याच्या नंबराला
सकाळी किती वाजता जावं लागतंय गं?"
आठच्या आत, म्हटलं. सोमवारी मी येते.
"तू कशाला? मला रस्ता दिसतोय."

मग राहिलेला एक जोड बघितला.
नख ओढलं, दोन्ही कडांनी.
तो ठीक होता.