कंस

महाप्याला, सातव्या मजल्यावर,
खिडकीतून पारसिकची तासलेली कड दिसते.
तिथं बसून मी मजकूर सोलतो.

मजकूर येतो तो नटून.
जाड. तिरका. मधोमध. लाल, चौदा पॉइंट.
प्रत्येक शब्दाच्या अलीकडे एक टोकदार कंस, पलीकडे एक,
करवल्या जशा नवरीला हलू देत नाहीत.
शोधयंत्राला यातलं काही नको.
त्याला शब्द हवा, आणि तो कुठल्या पानावर आहे ते.
बस.

उघडता कंस दिसला की खोडत सुट,
मिटता आला की थांब:
पहिल्या दिवशी एवढंच लिहिलं, एका ओळीत,
आणि चहाला गेलो.

परत येतो तर
'घणसोली' आणि 'गावठाण' एकमेकांत घुसलेले.
मधली ओळ मोडणारी खूण मी उचलली होती,
तिची जागा ठेवली नव्हती.
मग प्रत्येक खुणेमागे जागा ठेवली.
तर 'मीठ'मधली वेलांटी सुटून बाजूला पडली
(कुणीतरी अर्धाच शब्द रंगवला होता).
वेलांटीला अक्षर मिळालं नाही की
संगणक ठिपक्यांचं एक रिंगण काढून देतो, टेकायला.
त्या रिंगणावर ती बसलेली. 'म' आणि 'ठ' लांब.

तांडेलबाई मागून बघत होत्या. दिवाळे गावच्या.
'कांदा नाय सोलत तू,' म्हणाल्या, 'कोळंबी सोलतोस.
काळा दोरा काढायचा. मांस नाय.'

पण दोरा कुठला?
मिठागराच्या वहीत कुणी लिहिलेलं, पीक < ४० गोणी.
चाळिसाहून कमी, एवढंच त्याला म्हणायचं होतं.
माझ्या ओळीला वाटलं कंस उघडला,
आणि मिटता कंस येईपर्यंत ती खात गेली.
अकरा ओळी.
त्यात उधाण होतं, फुटलेला बांध होता,
बांधावर रात्रभर उभ्या दोघांची मजुरी होती.
कुठंही चूक दिसली नाही.
जे राहिलंच नाही, ते चुकणार कसं?
मूळ वही शेजारी ठेवून वाचली, तेव्हा सापडलं.

त्यानंतर आल्या जमिनीच्या नोंदी,
संपादनाच्या आधीच्या, समितीनं जपलेल्या.
नाव कमी झालं की त्याला कंस करतात, ही जुनी रीत.
टंकणाऱ्यानं कंस केला, वर आडवी रेघही मारली.
रेघ म्हणजे खूण. खूण म्हणजे माझं काम.
मी काढली.

आता 'मढवी' शोधलं की तीन भाऊ येतात
आणि चौथी, बारकीबाई धाया मढवी,
हक्कसोड, अंगठा डावा,
त्याच काळ्या शाईत, त्याच मापात.

बेलापूरहून तक्रार आली:
खोडलेली नावे शोधात येत आहेत, तातडीने दुरुस्त करावे.

तक्रार खोटी नाही.
खोडणं हाही मजकूरच असतो.
रेघ उचलली तर मी तिला न दिलेली जमीन देतो.
नाव उचललं तर तिनं सोडलं काय, तेही जातं,
आणि सोडायला तिथं कुणी होतं, हेही.

दोन दिवस घोळवत बसलो.
शेवटी शब्दाशेजारी एक नवा रकाना काढला,
'कमी केलेले', आणि त्यात 'होय'.
नाव राहू दिलं.
तांडेलबाईंनी वाचलं, मान हलवली,
हो म्हणाल्या की नाही ते कळलं नाही.
तक्रार अजून उघडीच आहे.

काल रात्रीची नोंद तेवढी सांगतो.
कुणीतरी लिहिलं: बार्की. काही नाही.
मग: बारकी मढवी. काही नाही, कारण 'बाई' जोडलेलं असतं
आणि ते तोडायला मी अजून शिकवलेलं नाही.
मग, बऱ्याच वेळानं: बारकीबाई.

बारकीबाई : ११२

पान बावीस मिनिटं उघडं होतं.